विश्लेषण : गिअरबॉक्स बदलला आणि मोटार बदलली! 'टॉप गिअर' देणाऱ्या लुई रेनॉ यांचा शेवट कैदेत का झाला?

जुन्या मोटारी जपणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. इंजिन ठणठणीत आहे, पण गिअरबॉक्स कमकुवत आहे. तो दुरुस्त करायचा, की काढून दुसरा बसवायचा? सव्वाशे वर्षांपूर्वी पॅरिसजवळच्या एका बागेतील शेडमध्ये २१ वर्षांच्या लुई रेनॉ यांच्यासमोर याच जातीचा प्रश्न होता. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. बाजारात चांगला गिअरबॉक्स नव्हता, म्हणून तो स्वतःच तयार केला. त्यातून मोटारीला 'डायरेक्ट टॉप गिअर' मिळाला, जगातील एक मोठी मोटार कंपनी उभी राहिली आणि लुई रेनॉ फ्रान्समधील सर्वांत बड्या कारखानदारांपैकी एक झाले. तरीही १९४४ मध्ये त्यांचा मृत्यू कैदी म्हणून झाला आणि कंपनी सरकारने ताब्यात घेतली. नेमके काय घडले?

व्यापाऱ्याचा मुलगा यंत्रांकडे कसा वळला?

लुई यांचा जन्म फेब्रुवारी १८७७ मध्ये पॅरिसमधील सुखवस्तू कुटुंबात झाला. वडील आल्फ्रेड कापड आणि बटणांच्या व्यापारात होते. सहा भावंडांत लुई चौथे. थोरले बंधू फर्नां आणि मार्सेल घरच्या व्यवसायात रमले. लुई यांचे मन मात्र शाळेतही लागले नाही आणि पेढीवरही. त्या काळी पॅरिसमध्ये लिऑं सेरपोले हे वाफेवर चालणाऱ्या गाड्या बनवत. लुई त्यांच्या कारखान्यात तासन् तास घालवत. पॅरिसच्या वेशीवर बियाँकूर येथे कुटुंबाचे दुसरे घर होते. तिथल्या बागेतील अवजारांच्या शेडमध्ये त्यांनी आपले वर्कशॉप थाटले.

सेरपोले यांच्या गाड्यांचा इथे एक तांत्रिक संबंध आहे. वाफेचे इंजिन उभ्या जागेवरूनही पूर्ण जोर लावू शकते, त्यामुळे वाफेच्या गाडीला गिअरबॉक्स लागत नाही. पेट्रोल इंजिनाचे तसे नसते. ते ठरावीक वेगाने फिरत असेल तरच ताकद देते. फेऱ्या कमी झाल्या की ते धापा टाकते आणि बंद पडते. म्हणून इंजिन आणि चाक यांच्यामध्ये वेग आणि जोर यांची अदलाबदल करणारी यंत्रणा लागते. तोच गिअरबॉक्स. पेट्रोलची मोटार चालणार की नाही, हे त्या काळी इंजिनाइतकेच या मधल्या यंत्रणेवर ठरत होते.

तेव्हाच्या गाड्यांत काय कमकुवत होते?

लष्करी सेवा संपवून आलेल्या लुई यांनी १८९८ मध्ये द दियों-बुतों कंपनीचे एक वापरलेले छोटे वाहन कामाला घेतले. त्याचे एका सिलिंडरचे इंजिन त्या काळच्या मानाने चपळ आणि भरवशाचे होते, पण ताकद दोन अश्वशक्तीही भरणार नाही इतकी. या कंपनीच्या तीनचाकीत इंजिनाचा जोर दातेरी चाकांच्या एकाच जोडीतून मागच्या आसाला मिळे. म्हणजे गिअर एकच. सपाट रस्त्यावर गाडी पळे, पण चढ लागला की चालकाला सायकलसारखे पेडल मारून इंजिनाला हात द्यावा लागे.

मोठ्या मोटारींत गिअर होते, पण दुखणे वेगळे होते. पानार-लव्हासोर कंपनीचे एमिल लव्हासोर यांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाके अशी मांडणी रूढ केली. ती भक्कम होती, पण ओबडधोबड. कोणताही गिअर टाकला तरी जोर आधी दातेरी चाकांच्या एका जोडीतून जाई, मग काटकोनात वळे आणि तेथून चेनने मागच्या चाकांवर पोहोचे. प्रत्येक टप्प्यावर घर्षणात काही ताकद वाया जाई. चेन उघडी असल्याने तिच्यात धूळ-चिखल अडके, ती ताणली जाई, कधी तुटे. गिअर टाकताना दात दातांवर आपटत आणि झिजत. इतर काही गाड्यांत चामड्याचे पट्टे होते, तेही पावसात घसरत.

पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाला अशी गळती परवडली असती. दोन अश्वशक्तीच्या इंजिनाला ती परवडणारी नव्हती.

'डायरेक्ट ड्राइव्ह' म्हणजे काय?

लुई यांनी एक-दोन कामगार हाताशी धरून काही महिन्यांत त्या वाहनाची चारचाकी गाडी केली. तिचा गिअरबॉक्स तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स असा होता. त्यातली कल्पना समजायला अवघड नाही.

इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि चाकांकडे जाणारा शाफ्ट त्यांनी एकाच सरळ रेषेत, एकमेकांसमोर ठेवले. त्यांच्या बाजूला समांतर असा तिसरा शाफ्ट बसवला. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये जोर इंजिनाच्या शाफ्टवरून बाजूच्या शाफ्टवर जातो आणि वेग कमी होऊन, जोर वाढून पुन्हा मधल्या रेषेवर येतो. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र समोरासमोरचे दोन्ही शाफ्ट थेट एकमेकांत अडकतात. बाजूच्या शाफ्टवरून जोर जातच नाही. दातेरी चाकांची कोणतीही जोडी मध्ये नसल्याने गिअरबॉक्समध्ये ताकद जवळपास वाया जात नाही, आवाज कमी होतो आणि झीजही. गाडी सर्वाधिक वेळ वरच्या गिअरमध्येच धावते, म्हणजे बचत तिथेच झाली जिथे ती सर्वांत उपयोगी होती.

दुसरा बदल गिअरबॉक्सच्या मागे होता. चेनऐवजी लुई यांनी फिरता दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट बसवला. रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे मागचा आस वर-खाली होतो, तेव्हा दांडा मोडू नये म्हणून त्याला युनिव्हर्सल जॉइंट दिले. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला 'क्रॉस' म्हणतात, तोच हा भाग. मोटारीत शाफ्ट किंवा जॉइंट वापरण्याचा विचार इतरांनीही केला होता. लुई यांचे श्रेय असे, की थेट जोडणारा टॉप गिअर, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा आस यांची एक सुटसुटीत, विकता येईल अशी जुळणी त्यांनी हलक्या गाडीत करून दाखवली.

नाताळच्या आदल्या रात्री काय झाले?

२४ डिसेंबर १८९८. लुई मित्रमंडळींना गाडी दाखवायला पॅरिसमध्ये घेऊन गेले. चेनच्या गाड्यांपुढे हे खेळणे काय टिकणार, अशी पैज लागली. परीक्षेसाठी मोंमार्त्र टेकडीवरची रू लेपिक ही गल्ली निवडली गेली. तिचा चढ सुमारे १३ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेले की रस्ता १३ मीटर उंच होतो. लुई यांची छोटी गाडी हा चढ न थांबता चढून गेली.

असा चढ कोणतीही गाडी खालच्या गिअरमध्येच चढते, थेट टॉप गिअरमध्ये नाही. टेकडीवर उपयोग झाला तो योग्य खालच्या गिअरचा, गाडीच्या हलकेपणाचा आणि चेनमध्ये ताकद वाया न जाण्याचा. टॉप गिअरचा शांतपणा आणि वेग कळला तो सपाट रस्त्यावर, पाहुण्यांना एकेक करून फेरी मारून आणताना. त्या एका रात्रीत डझनभर गाड्यांची मागणी नोंदवली गेली. तोवर लुई यांचा कारखानाही नव्हता आणि कंपनीही.

पेटंटने काय दिले?

फेब्रुवारी १८९९ मध्ये लुई यांनी थेट गिअरच्या यंत्रणेचे पेटंट घेण्यासाठी अर्ज केला. त्याच महिन्यात फर्नां आणि मार्सेल यांनी 'रेनॉ फ्रेर' म्हणजे 'रेनॉ बंधू' ही कंपनी स्थापन केली. भांडवल दोघा थोरल्या भावांचे, कंपनी त्यांच्या नावावर आणि डोके लुई यांचे अशी वाटणी होती. धाकट्याचा नाद किती दिवस टिकतो, हे घरच्यांना पाहायचे असावे. पहिल्याच वर्षी ७१ गाड्या विकल्या गेल्या.

थेट गिअर इतका उपयोगी होता, की इतर कंपन्यांनी तो उचलला. लुई यांनी हक्क सोडला नाही. नकलेविरुद्ध दावे लावले आणि प्रतिस्पर्ध्यांकडून रॉयल्टी वसूल केली. गाड्यांच्या विक्रीबरोबर पेटंटचा हा पैसाही कारखाना वाढवण्याच्या कामी आला. १९०२ च्या सुमारास चाकाच्या आतून दाबणाऱ्या ड्रम ब्रेकची रचनाही त्यांनी विकसित केली. पुढची अनेक दशके जगभरच्या गाड्या याच तत्त्वावर थांबत होत्या.

शर्यतींनी रेनॉला काय दिले आणि काय हिरावले?

त्या काळी मोटारीची जाहिरात म्हणजे शहर ते शहर शर्यत. लुई आणि मार्सेल दोघेही स्वतः गाडी चालवत. १९०२ मध्ये पॅरिस-व्हिएन्ना शर्यतीत मार्सेल यांनी हलक्या रेनॉ गाडीतून कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. वाटेत आल्प्समधील आर्लबर्गचा घाट होता. तिथे नुसत्या अश्वशक्तीपेक्षा हलकी गाडी आणि नीट जुळलेले गिअर कामाला आले.

पुढच्याच वर्षी, मे १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यत झाली. धुळीचे लोट, रस्त्यावर उतरलेली गर्दी आणि ताशी १०० किलोमीटरच्या वर गेलेले वेग. एकामागून एक अपघात झाले. कुए-व्हेराक गावाजवळ मार्सेल यांची गाडी उलटली आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. वयाने ते अवघे एकतीस वर्षांचे होते. लुई आघाडीच्या गाड्यांत बोर्दोपर्यंत पोहोचले होते. तिथे त्यांना बातमी कळली. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. लुई यांनी त्यानंतर शर्यतीत कधीही गाडी चालवली नाही.

फर्नां यांची प्रकृती ढासळल्याने १९०८ मध्ये ते बाजूला झाले आणि १९०९ मध्ये त्यांचे निधन झाले. दहा वर्षांपूर्वी भावांच्या कंपनीत डिझायनर असलेले लुई आता एकटे मालक होते.

टॅक्सी, घड्याळ आणि संप

शर्यतींपेक्षा खात्रीचा धंदा टॅक्सींचा निघाला. १९०५ मध्ये पॅरिसमधील एका टॅक्सी कंपनीने २५० गाड्यांची मागणी नोंदवली. एकाच साच्याच्या इतक्या गाड्या बनवताना लुई यांच्या लक्षात आले, की पुढचा काळ मोठ्या संख्येने उत्पादन करण्याचा आहे. पॅरिसपाठोपाठ लंडनच्या रस्त्यांवरही रेनॉच्या टॅक्सी दिसू लागल्या.

१९११ मध्ये त्यांनी अमेरिकेचा दौरा केला आणि हेन्री फोर्ड यांचा कारखाना पाहिला. परत आल्यावर फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक कामाचा वेळ घड्याळ लावून मोजण्याची सुरुवात केली. कामगारांच्या दृष्टीने याचा अर्थ तेवढ्याच मजुरीत अधिक घाम असा होता. १९१३ च्या सुरुवातीला बियाँकूरमध्ये मोठा संप झाला. तो अनेक आठवडे चालला, अखेर मोडला आणि शेकडो कामगार कामावरून गेले. लुई मितभाषी होते, चारचौघांत बोलताना अडखळत. यंत्राशी त्यांचे जितके जमे तितके माणसांशी जमत नसे. मधल्या माणसांचे ऐकून घेण्यापेक्षा स्वतः शॉप फ्लोअरवर जाऊन हुकूम देण्याकडे त्यांचा कल असे.

पहिल्या महायुद्धात ते नायक कसे ठरले?

सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या अगदी जवळ आल्या. जनरल गालियेनी यांच्या आदेशाने सुमारे ६०० टॅक्सी जमवून हजारो सैनिक मार्न नदीच्या आघाडीकडे नेण्यात आले. या टॅक्सींमध्ये बहुसंख्य रेनॉच्या होत्या. लढाईचा निकाल केवळ टॅक्सींनी लावला नाही. बहुतेक सैन्य रेल्वेने आणि पायीच गेले. पण फ्रेंच जनमानसात 'मार्नच्या टॅक्सी' कायमच्या कोरल्या गेल्या.

त्याहून मोठे काम रणगाड्याचे. कर्नल एस्तिएन यांना हलका रणगाडा हवा होता. लुई यांनी सुरुवातीला नकार दिला, नंतर ते काम अंगावर घेतले. १९१७ मध्ये आलेल्या रेनॉ एफटी रणगाड्यात चालक पुढे, इंजिन मागे आणि तोफेचा घुमट सर्व बाजूंना फिरणारा होता. आजही बहुतेक रणगाड्यांची मांडणी अशीच असते. युद्ध संपेपर्यंत असे ३ हजारांहून अधिक रणगाडे तयार झाले. त्यांतला मोठा वाटा रेनॉचा होता, बाकीचे इतर कारखान्यांनी बनवले. बियाँकूरमधून ट्रक, तोफगोळे आणि विमानांची इंजिनेही बाहेर पडत होती. युद्ध संपले तेव्हा लुई रेनॉ राष्ट्राचे मानकरी होते.

सिट्रोएनबरोबरची चुरस

युद्धानंतर आंद्रे सिट्रोएन नावाचा नवा प्रतिस्पर्धी मैदानात उतरला. सिट्रोएन यांना प्रसिद्धीची हौस, लुई यांना तिटकारा. सिट्रोएन कर्ज काढून धाडस करत, तर लुई बँकांपासून दूर राहत. त्यांनी सीन नदीतील सेगँ बेट घेऊन तिथे प्रचंड कारखाना उभारला. पोलाद, सुटे भाग, वीज असे शक्य तेवढे सगळे आपल्याच आवारात, हे त्यांचे धोरण होते.

या चुरशीत गिअरबॉक्स पुन्हा एकदा मध्यभागी आला. १९३४ मध्ये सिट्रोएनने 'ट्रॅक्शन आव्हाँ' ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणली. इंजिनाचा जोर पुढच्याच चाकांना मिळाल्याने प्रोपेलर शाफ्टची गरज उरली नाही. या गाडीसाठी आधी स्वयंचलित गिअरबॉक्स ठरला होता. चाचण्यांत तो टिकला नाही. शेवटच्या क्षणी त्याच अपुऱ्या जागेत मावेल असा तीन गिअरचा साधा गिअरबॉक्स घाईने तयार करावा लागला. गाडी काळाच्या पुढे होती, पण हा गिअरबॉक्स तिचा नाजूक भाग राहिला. आजही जुन्या ट्रॅक्शनचे मालक त्याला जपून वापरतात आणि काही जण नंतरच्या सिट्रोएनचा चार गिअरचा बॉक्स बसवून घेतात. या गाडीच्या खर्चाने सिट्रोएन कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली आणि १९३५ मध्ये आंद्रे सिट्रोएन यांचे निधन झाले. लुई यांच्या गाड्या जुन्या वळणाच्या राहिल्या, पण कंपनी टिकली.

दुसऱ्या महायुद्धात काय बिनसले?

जून १९४० मध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली, तेव्हा लुई सरकारी कामासाठी अमेरिकेत होते. मदतीने रणगाडे मिळवण्याची ती खटपट होती. ते मायदेशी परतले तोवर कारखान्यावर जर्मनांची देखरेख बसली होती. लुई यांच्यापुढे पर्याय कठीण होते. काम नाकारले तर यंत्रे आणि कामगार जर्मनीला नेले जाण्याची भीती. स्वीकारले तर शत्रूसाठी उत्पादन. त्यांनी कारखाना चालू ठेवला. पुढच्या चार वर्षांत जर्मन लष्कराला रेनॉची तीस हजारांहून अधिक वाहने मिळाली, त्यांत बहुतांश ट्रक.

३ मार्च १९४२ च्या रात्री ब्रिटिश हवाई दलाने बियाँकूरवर बॉम्बहल्ला केला. कारखान्याबरोबर आसपासच्या वस्तीतील शेकडो नागरिक मारले गेले. लुई यांनी यंत्रे पुन्हा उभी केली. पुढे आणखी हल्ले झाले, पुन्हा दुरुस्ती झाली. या काळात त्यांची प्रकृती ढासळली होती. मेंदूच्या विकाराने बोलणे आणि लिहिणे जवळजवळ अशक्य झाले होते.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले. शत्रूशी संगनमताच्या आरोपावरून सप्टेंबरमध्ये लुई यांना अटक झाली आणि फ्रेन येथील तुरुंगात ठेवले गेले. तेथून त्यांना आधी मनोरुग्णालयात आणि मग पॅरिसमधील एका खासगी रुग्णालयात हलवण्यात आले. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी, वयाच्या ६७ व्या वर्षी, खटला उभा राहण्यापूर्वीच त्यांचा मृत्यू झाला. तुरुंगात मारहाण झाली, असा कुटुंबीयांचा दावा होता. १९५६ मध्ये शव उकरून तपासणी झाली, पण वाद मिटला नाही.

१६ जानेवारी १९४५ रोजी द गॉल यांच्या हंगामी सरकारने कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. लुई यांच्या मालकीच्या भागाची भरपाई मिळाली नाही. आरोप न्यायालयात सिद्धही झाला नाही आणि त्यांना निर्दोषही ठरवले गेले नाही. मालमत्तेसाठी त्यांच्या नातवंडांनी २०११ मध्ये दावा लावला, पण त्यांना यश आले नाही. काहींच्या मते लुई यांनी कारखाना आणि हजारोंचा रोजगार वाचवला. इतरांच्या मते मालकाला 'नाही' म्हणण्याची संधी होती आणि ती त्यांनी घेतली नाही. फ्रान्समध्ये ही दोन्ही मते आजही मांडली जातात.

आज जुन्या गाडीचा गिअरबॉक्स बदलताना काय पाहावे?

लुई यांनी जे १८९८ मध्ये केले, ते आज जुन्या मोटारींचे मालक वेगळ्या कारणाने करतात. जुन्या गिअरबॉक्समध्ये दात झिजलेले असतात, बेअरिंग ढिली असतात, चालता चालता गिअर सुटतो. अनेक गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेशही नसते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने आणलेली ही सोय दात एकमेकांत शिरण्याआधी त्यांचे वेग जुळवते. ती नसेल तर चालकाला दोनदा क्लच दाबून वेग जुळवावा लागतो.

खरखर ऐकू आली म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नये. क्लच पूर्ण सुटत नसेल तरीही गिअर खरखरतात. आधी क्लच तपासावा, मग तेल काढून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहावे. तेलही गाडीनुसार हवे. काही आधुनिक तेलांतील रसायने जुन्या पितळी-ब्राँझच्या कड्यांना खातात.

बदलायचेच ठरले तर काम केवळ पेटी बसवण्याचे नसते. बेल हाउसिंगची भोके इंजिनाला जुळावी लागतात. पुढच्या शाफ्टचे खाचे क्लच प्लेटमध्ये बसावे लागतात. प्रोपेलर शाफ्ट नव्या लांबीचा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. स्पीडोमीटरची केबल आणि गिअरच्या दांड्याची जागा, दोन्ही पुन्हा जुळवावी लागतात. शिवाय मजबूत गिअरबॉक्स आला की दुखणे मागे सरकते. मग मागचा आस किंवा क्रॉस मोडतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चॅसी कापू नये आणि मूळ गिअरबॉक्स फेकू नये. भारतात २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली आणि मोठे फेरबदल न झालेली गाडीच 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. बदल परत फिरवता येण्याजोगा असेल तर गाडी रस्त्यावरही राहते आणि तिचा इतिहासही.

लुई यांचे नेमके काय उरले?

रेनॉ कंपनी पुढे सरकारी मालकीत वाढली आणि १९९६ मध्ये पुन्हा प्रामुख्याने खासगी हातांत गेली. मधल्या काळात तिने संस्थापकाची मांडणीच सोडून दिली. १९४६ च्या '४ सीव्ही'त इंजिन मागे गेले, १९६१ च्या 'रेनॉ ४' पासून जोर पुढच्या चाकांवर आला. २००७ मध्ये महिंद्राच्या नाशिक कारखान्यात तयार होऊ लागलेली लोगान ही रेनॉच्या नावाची गाडी होती. पण तिच्या खालीही प्रोपेलर शाफ्ट नव्हता.

याउलट मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत आणि कोलकात्याजवळ बनलेल्या अॅम्बेसिडरमध्ये टॉप गिअर थेट होता. इंजिनाची एक फेरी म्हणजे प्रोपेलर शाफ्टचीही एक फेरी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीने चौथा गिअर टाकला की गिअरबॉक्सचा आवाज मंदावत असे. त्यामागचे तत्त्व १८९८ च्या त्या छोट्या गाडीतलेच होते.

बियाँकूरचा कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. भोवतालच्या प्रचंड इमारती पाडल्या गेल्या. बागेतील ती छोटी शेड मात्र कंपनीने जपून ठेवली.